अण्णांचं हसू आणि माझी पाठ

कर्जतच्या हौशी छायाचित्र स्पर्धेचा विषय होता हसू. मी नवा कॅमेरा घेतला आणि वडिलांना भिसेगावच्या आमच्या ओट्यावर बसवलं; बघायला बायकोसकट घरचे सगळे जमले. अण्णा क्वचितच हसायचे. मी त्यांच्या मागे ठेवलेल्या बॅगेत डोकं घालून दुसरी लेन्स शोधत असताना ते खदखदून हसले.

"थांबा अण्णा, लेन्स लावतो, मग हसा," मी आतूनच म्हणालो. लेन्स लावली, तोवर ते गंभीर झाले होते.

बक्षीस बायकोच्या मोबाइलवरच्या फोटोला मिळालं. त्यात अण्णा हसताहेत, मागे माझी वाकलेली पाठ आहे.

"एवढं काय झालं होतं गं?"

"म्हणाले, त्याला बाहेर काढ, बॅगेत पडेल."

आता अण्णा नाहीत. त्यांचं ते हसू घरात मी सोडून सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय.