आण्णांचा वेगळा टॉवेल

राजारामपुरीतल्या आमच्या स्किन क्लिनिकात डॉक्टर मॅडम प्रत्येकाला सांगतात, "आधी दुखणं सांगा, किस्सा नंतर!" पण कोल्हापूरकर ऐकतोय होय? किस्सा आधी, दुखणं जाता जाता. पंधरा वर्षं मी इथं सिस्टर आहे. डोक्यात इतके किस्से साठलेत की स्वतःच्या नवऱ्याचा मोबाइल नंबर आठवत नाही. त्यातले निम्मे एकट्या आण्णांचे!

आण्णा हातकणंगल्याकडचे, टॉवेल-चादरींचे व्यापारी. रोज वेगळ्या गावच्या आठवडी बाजारात दुकान मांडायचं. पाठीवर, मांड्यांवर लाल डाग, आणि सात वर्षं 'नायटा' म्हणून मलमं चोळलेली. ती सगळी पिशवीतून आणून त्यांनी टेबलावर ओतली.

"ह्यातलं कुठलं लावू, तेवढं सांगा."

मॅडमनी एकही ट्यूब उघडली नाही. कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तोवर आण्णा मला सांगत होते, "घरात माझा टॉवेल येगळा हाय, घरामागं परड्यातल्या दोरीवर. नात जवळ आली की हाकलतो. पोरीला लागाय नको."

अख्ख्या तालुक्याला टॉवेल विकणारा माणूस, आणि स्वतःचा टॉवेल परड्यात!

*

रिपोर्ट आले. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "आण्णा, हा नायटा नाही. त्वचेचा लिम्फोमा आहे. कॅन्सरचाच प्रकार, पण हळू चालणारा. अजून कातडीतच आहे, आत उतरलेला नाही."

आण्णांच्या बायकोनं, सुवर्णाकाकूंनी, पदर तोंडाला लावला.

आण्णांनी टेबलावरचा रिपोर्ट उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "हळू म्हंजे किती हळू? मी बी सत्तरीचा हाय की. बघूया कोण आधी दमतंय!"

"आणि हा कुणाला लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "नातीला खुशाल जवळ घ्या."

"तुमचं खरं हाय," आण्णा म्हणाले. पण टॉवेल परड्यातच राहिला.

*

औषधं तीन ठरली. आठवड्यातून एकदा गोळी, दोनदा बारकं इंजेक्शन आणि आमच्या उजेडाच्या मशीनमध्ये उभं राहणं. सगळंच थोडं थोडं. आण्णांना हा अपमान वाटला.

"एवढ्याशा गोळीनं काय हुतंय? जरा दणकून द्या की!"

"एकच औषध दणकून दिलं तर रोगाआधी तुम्हीच आडवे व्हाल," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तिघांत काम वाटून दिलंय."

काकूंना लगेच कळलं. "चटणीगत की वो! तिखट, खोबरं, जिरं, समदं बेतानं. नुसतं तिखट वाढलं तर कोण खाईल?"

*

आता माझी अक्कल ऐका. ती गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वार लक्षात राहावा म्हणून मी खेड्यातल्या सगळ्या पेशंटना सांगायचे तेच आण्णांना सांगितलं, "बाजाराच्या दिवशी घ्यायची."

मंगळवारी दुपारी काकूंचा फोन. "सिस्टर, काल घेतली, आज बी घेतली. उद्याचा बाजार लांबचा हाय, मग पहाटंच देऊ काय?"

मी फोन तसाच धरून मॅडमकडं पळाले. बाजार फिरणारा व्यापारी, त्याला रोजच बाजार!

मॅडमनी त्यांना असतील तसे बोलावून घेतलं. उतारा दिला, रक्त तपासलं, नंतरही पुन्हा पुन्हा तपासलं. सगळं ठीक निघालं त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर आण्णा हसतायत.

"मॅडमनी न्हाय दिला, पर तुमी दिला की दणकून डोस!"

तेव्हापासून मी चिठ्ठीवर ठसठशीत वार लिहिते. आणि गोळ्यांचं पाकीट काकूंच्या कपाटात, कुलूप लावून.

*

इंजेक्शन घरीच द्यायचं म्हणून काकूंना शिकवलं. आधी केळ्यावर सराव. आठ केळी झाली तरी काकू म्हणतात, अजून आणा. शेवटी आण्णांचा नंबर लागला. सुई टोचायच्या आधीच ते ओरडले.

"केळं बरं हुतं," काकू म्हणाल्या. "बोंबलत तरी न्हाय!"

*

उजेडाच्या मशीनमध्ये आण्णा लंगोट आणि काळा गॉगल घालून, हातात जपमाळ घेऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी दहा मणी होईतो मशीन बंद.

"एवढंच? देवानं तरी ऐकलं असंल काय?"

उजेड हळूहळूच वाढवायचा असतो. पुढं दर खेपेला बाहेर येऊन ते मणी जाहीर करायला लागले. एकदा फाइल चाळताना बघितलं, तर मॅडमनी सेकंद लिहिले होते आणि शेजारी पेन्सिलनं मण्यांचा आकडा!

*

काही महिन्यांनी मॅडमनी आण्णांची पाठ तपासली. खिडकीपाशी नेऊन परत तपासली.

"डाग गेलेत, आण्णा. तपासणीला मात्र येत राहायचं."

काकूंनी मॅडमना हात जोडले. मला इतकं हलकं वाटलं की मी वॉर्डबॉयलासुद्धा चहा पाजला. आण्णा शर्ट चढवून निघून गेले.

पुढच्या खेपेला चार वर्षांची नात बरोबर होती. हातात बर्फाचा गोळा, तोंड लालभडक, हनुवटीवरून रंग गळतोय. आण्णांच्या खांद्यावर तोच परड्यातला टॉवेल. पोरीनं त्याचं टोक ओढलं आणि तोंड पुसायला लागली.

काकू अर्ध्या उठल्या. आण्णांचा हात झटकन टॉवेलकडं गेला, आणि थांबला. मग त्यांनी खांद्यावरून अख्खा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"नाक बी पूस की," म्हणाले.