मांडून पाहणाऱ्या बाई

आमच्या बाईंना गणिताचं उत्तर विचारलं की त्या खडूऐवजी दोरी, दगड नाहीतर काड्या हाती घेत. "मले काऊन विचारतं? मांडून पाय," हे त्यांचं ठरलेलं. त्यावरून उंद्रीजवळच्या आमच्या गावानं त्यांना 'मांडूबाई' करून टाकलं. नुकताच शेर जाऊन किलो आला होता. दोघांत मोठा कोण, असं मी विचारलं, तर बाईंनी बांबूला दोन टोपल्या बांधून मलाच तराजू करायला लावला! मला रागही यायचा आणि पुढं काय होतंय याची हुरहूरही लागायची.

माझ्या बाबांना हे मुळीच पटत नव्हतं. "चौथीत गेली तरी पोरीले पावकीचा पाढा येत नाही. काड्याच खेळाच्या असन तं मळ्यात येऊन वांगे तोड," म्हणत एक दिवस ते माझं नाव काढायला शाळेत आले. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बाई अंगणात होत्या. प्रत्येकाला सारख्याच लांबीची दोरी दिलेली. "ही दोरी म्हंजे वाफ्याचा बांध. पाहिजे त्या आकाराचा वाफा आखा अन् आत वीतभर अंतरानं रोपं लावा. कोणाच्या वाफ्यात जास्त बसते, पाहू." रोपं म्हणजे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या.

बाबा हसले. "दोरी तेवढीच, तं रोपंबी तेवढेच बसतीन. त्यात काय पाहाचं?"

"मांडून पाहा ना, भाऊ."

माझा वाफा लांबट, अरुंद. तो लगेच भरला. शेजारच्या शांताचा चौकोनी होता, त्यात काड्या बसतच होत्या. बाबांनी दोन्ही दोऱ्या एकमेकींना लावून पाहिल्या. सारख्याच! मग चपला काढून ते खाली बसले, माझा वाफा मोडून त्यांनी रुंद केला आणि पुन्हा काड्या रोवल्या. जन्म वाफे पाडण्यात गेलेला माणूस एकदम मान वर करून म्हणाला, "बाई, गोल केला तं?"

"मले नाही माहीत. चाला, पाहू." बाईही मातीत बसल्या. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

शाळा सुटली तरी दोघांचा गोल चालूच होता. नाव काढायचं राहूनच गेलं.

वर्ष संपता संपता बाईंची देऊळगाव राजाला बदली झाली. एस.टी.पाशी मी हमसून हमसून रडत होते. बाबांनी वांग्यांची पिशवी त्यांच्या हाती दिली. बाई म्हणाल्या, "भाऊ, मी जाऊन राह्यली म्हणून पोरीची शाळा सोडवू नका." बाबांनी मान डोलावली.

गाडी दिसेनाशी झाली. बाबांनी उपरण्यानं माझं तोंड पुसलं. "चाल," ते म्हणाले, "चिखलीच्या मोठ्या शाळेत नाव घालाले काय काय लागते, इचारून येऊ."