काशिनाथची मान कुणी वळवली?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. जन्मभर लोकांना भूल देण्याचं काम केलं, पण स्वतः कशाला भुलले नाही. तरीही हे लिहितेय... कारण हे माझ्याच हाताखाली घडलं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी पालघरच्या एका छोट्याशा धर्मादाय दवाखान्यात नवीन डॉक्टर. भूल म्हणजे तेव्हा इथर – नाकातोंडावर तारेची जाळी, तिच्यावर गॉझ, आणि बाटलीतून थेंब थेंब. डाव्या हातानं जबडा धरायचा, उजव्यानं थेंब टाकायचे. मशीनबिशीन काही नाही.

घिवलीचा काशिनाथ हर्नियासाठी आला होता. विशीतला, होडीवर जाणारा. सोबत आई, पार्वतीबाई. आदल्या संध्याकाळी मी दोघांना बजावलं, "ऑपरेशन होईपर्यंत पोटात काही नको. भुलीत उलटी होऊन छातीत गेली, तर माणूस जातो!" सकाळी परत विचारलं.

"नाय डाक्तरबाय, काय नाय खाल्लं," काशिनाथ म्हणाला. छताकडे बघत म्हणाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

आमचे सर्जन कायम घाईत. "चालू करू का?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी मुळात चिडकी. "अजून भूल हलकी आहे त्याची, जरा दम धरा!" म्हणत मी त्यांच्याशी हुज्जत घालायला लागले आणि पेशंटवरची नजर काढली. भूल देणाऱ्यानं हे कधी करू नये. आमच्या धंद्यात याला माफी नाही.

तेवढ्यात माझ्या डाव्या हातावर एक हात पडला. खरखरीत, ओलसर. त्यानं काशिनाथची मान जोर लावून एका बाजूला वळवली.

"सिस्टर, हात काढा!" मी ओरडले.

आणि पुढच्याच क्षणी त्याला भडभडून उलटी झाली. पांढरी, तांदळाची पेज! मान वळलेली होती म्हणून सगळी जमिनीवर गेली. टेबल डोक्याकडून खाली केलं, घसा साफ केला. मिनिटभरात त्याचा श्वास नीट चालू झाला.

सिस्टर ट्रेपाशी, पार पलीकडे. हातमोजे कोरडे. "मी कुठं हात लावला, मॅडम?"

सर्जन म्हणाले, "इथर तुम्हालाच चढलाय." असेलही, म्हटलं.

ऑपरेशन पुढं ढकललं आणि मी तणतणत बाहेर आले. पार्वतीबाई अंगण ओलांडून समोरच्या पडवीत बसल्या होत्या, दवाखान्यातली आयाबाई त्यांच्या शेजारी.

"पेज कुणी पाजली त्याला?"

"मीच," त्या म्हणाल्या. "पहाटं. त्याला शपत घातली, सांगू नको म्हनून. आमच्यात पोर दर्यावर जाताना आय त्याला उपाशी नाय धाडत. ह्यो बी दर्यावरच चालला व्हता नं... परत येल का नाय, कोनाला ठाव!"

मी तोंडाचा पट्टा सोडणार, तेवढ्यात त्यांनी उजवा हात पुढं केला. "आता जरा डोळा लागला. काशी आडवा पडलेला दिसला, त्याच्या घशात पानी चाललं व्हतं. मी त्याची मान धरून वळवली. जागी झाली तं हाताला ह्यो कसला वास?"

मी त्यांचा तळहात नाकाशी नेला. इथर! ताजा, डोळ्यांत पाणी आणणारा. इथर मिनिटभरात उडून जातो, आणि बाई तर खोलीच्या जवळपासही फिरकली नव्हती. आयाबाईनं शपथेवर सांगितलं, "ही हितनं हाललीच नाय."

पार्वतीबाईंना त्या वासाचं काही पडलं नव्हतं. माझा पदर धरून त्या रडायला लागल्या. "मीच मारला असता नं माज्या पोराला?"

काशिनाथचं ऑपरेशन पुढं व्यवस्थित झालं. विद्यार्थ्यांना मी हा किस्सा नेहमी सांगायचे, पण पेजेपाशी थांबायचे. पेशंटला एकदा विचारा आणि त्याच्या आईला दोनदा, एवढंच म्हणायचे. हाताचं आज पहिल्यांदा लिहितेय.

त्या दिवशी मी झापायला गेले होते. पण तो हात हातात घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही हो बाई, तुम्हीच वाचवलंत त्याला." समजूत काढायला म्हणाले, की जे झालं तेच सांगितलं... मला अजून कळलेलं नाही.