हरवलेली मेंबरीण

ती घटना आजही आठवते. आठवली की हसू येतं. त्या दिवशी मात्र माझी पाचावर धारण बसली होती.

नव्वदीचं दशक होतं. माजलगाव धरणाच्या फुगवट्यालगतचं एक गाव माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. वर टेकाडावर बागायतदार आणि दुकानदार, मधल्या माळावर बुडालेल्या गावातून उठून आलेली घरं, आणि खाली पाण्याला खेटून मासे धरणारांची लहानशी वस्ती. टेकाडाचं माळाशी पटत नसे आणि वस्तीला दोघंही विचारत नसत. त्या वर्षी मात्र ग्रामपंचायतीत टेकाडाचे चार आले, माळाचे चार आले आणि महिला राखीव जागेवर वस्तीतली एक तरुण सून निवडून आली. सरपंच कोण, हे आता तिच्या एका मतावर ठरणार होतं.

निवडीच्या आदल्या सकाळी तिचा नवरा धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, माळावाल्यांनी माझी बायको पळवली!" हा गडी टेकाडाला तिच्या मताचा परस्पर शब्द देऊन बसलेला. त्याची फिर्याद लिहून होते न होते तोच माळाचे पुढारी हजर. त्यांचं म्हणणं, बाईला टेकाडानंच कोंडलंय. सहलीच्या नावाखाली मेंबर दडवून ठेवणं आमच्याकडे नवं नव्हतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या.

बसथांब्यावर पेरू विकणारा चाचा माझा जुना खबऱ्या. तो हळूच म्हणाला, "साहेब, दोनी पार्ट्यांच्या जिपा तिलाच हुडकत फिरायल्यात." म्हणजे ती कोणाकडेच नव्हती. तेवढ्यात हवालदारानं बातमी आणली की पाण्यात एक रिकामी काहील तरंगतेय. गूळ करायची जुनी काहील वस्तीवाले नाव म्हणून वापरत. आत बाईच्या चपला होत्या. दुपारपर्यंत दोन्ही गटांचे लोक काठ्या घेऊन काठावर जमले. प्रेत हाती लागलं असतं तर त्यापाठोपाठ आणखी दोन-चार पडली असती.

पंचनामा आटोपून मी तिच्या घरी गेलो. नवरा उंबऱ्यात डोकं धरून रडत होता. आत सासूनं पदर डोळ्याला लावला. "मला काय बी ठावं न्हाई, सायेब." पण तिची चूल पेटलेली होती आणि तव्यावर भाकरी फुगत होती. घरातलं माणूस पाण्यात गेल्याची नुसती शंका आली तरी आमच्याकडे त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. मी तिच्या लेकाला हवालदाराबरोबर बाहेर पाठवलं आणि चुलीपाशी बसलो.

"मावशी, ही भाकर कोणासाठी?"

हाताचं पीठ झटकून ती दाराकडं बघत म्हणाली, "पोराला सांगू नगा. त्यो तिला टेकाडाच्या जिपमधी बसवून दील. तिनंच सांगितलं म्हून मीच तिला बेटावर सोडून आले. घाईत तिच्या चपला काहिलीतच ऱ्हायल्या. माघारी आल्यावर काहील बांधायची इसरले, ती वाऱ्यानं गेली."

बुडालेल्या गावाचा उंचवटा पाण्याबाहेर राहिला होता, त्यालाच सगळे बेट म्हणत. आम्ही होडी घेऊन निघालो. बाभळीखाली बसलेली ती दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. होडीत उभ्या उभ्या मी हात जोडले.

"मत कोणाला देणार ते मी विचारत नाही," परतताना मी तिला म्हणालो. "उद्या बंदोबस्तात नेतो."

ती सासूनं दिलेली भाकर खात होती. घास गिळून म्हणाली, "मताचं ऱ्हाऊ द्या, सायेब. सरपंचाचा फारम मला भरता येतो का न्हाई, येवढं सांगा."

"येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं तो भरला. माळाचा सरपंच होऊ नये म्हणून टेकाडानं नाक मुठीत धरून तिला मतं दिली. बाहेर नवरा पेढे वाटत होता, जणू सगळा बेत त्याचाच.

नवरा म्हणाला पळवली, पुढारी म्हणाले कोंडली, आम्ही समजलो बुडाली. ती आपल्या मर्जीनं गेली असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत बाई बेपत्ता झाल्याची खबर आली की मी घरच्यांना पहिला प्रश्न हाच विचारायचो, "तिला स्वतःला कुठं जायचं होतं?"