डोंगराच्या अंगाला

“घर कसलंबी चालंल, पोरं घरात मरत न्हाईत, आदी मला साळंचा रस्ता दावा.”

वनिता हे सोमनाथला म्हणाली होती. मे महिन्यातला सोमवार, स्वारगेटच्या स्टँडवर एसटीतून उतरून दोन मिनिटंही झाली नव्हती. सोमनाथ मूळचा नसरापूरचा. तिथे तो शेअर रिक्षा चालवायचा, आता पुण्यात गावाकडच्या माणसांना भाड्याच्या खोल्या शोधून देतो. नळाला पाणी किती वेळ, संडास घरात की बाहेर, असलं सगळे विचारतात. रस्ता आजवर कुणी मागितला नव्हता.

“वहिनी,” तो हसून म्हणाला, “खोली बगाय आलाय का मोजणी कराय?”

वनिता हसली नाही. तिच्या एका हातात दहा वर्षांचा सम्राट होता, दुसऱ्यात सहा वर्षांची पिंकी. पकड इतकी घट्ट की पिंकी अधूनमधून बोटं सोडवून त्यांवर फुंकर घालायची.

ती हिर्डोशीची. माहेर, सासर एकाच खोऱ्यात. नवरा धम्मदीप पुण्यातल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. चौघांत एक खोली करून राहायचा, महिन्यातून दोनदा गावी यायचा. यंदा तो कायम झाला. सम्राटची चौथी संपली होती आणि पाचवीचा वर्ग गावात नव्हता. जूनच्या आत बिऱ्हाड हलवायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून वनिताला घास गिळवेना. शहर तिने तीन-चारदाच पाहिलं होतं. त्यातलं एवढंच लक्षात राहिलं होतं की तिथे गाड्या संपत नाहीत. गावात गाडी येते, जाते, आणि रस्ता पुन्हा माणसांचा होतो. शहरातला रस्ता कधीच माणसांचा होत नाही. भाकरी थापताना तिला पोरांच्या चपला दिसायच्या, डांबरावर मधोमध पडलेल्या, आसपास पोरं नसलेल्या. ती हात झटकायची आणि पुन्हा थापायला लागायची.

सासूला, जाईबाईंना, हे दिसत होतं. “पुण्यात काय कुणाला पोरं न्हाईत व्हय गं? तुजीच तेवडी मेणाची? आन मी हितं एकली ऱ्हाणार, माजं भ्या न्हाई वाटत तुला?”

“तुमास्नी काय हुतंय? वाघ आला तर त्योच पळंल.”

त्या दिवशी दोघी हसल्या. त्यानंतर मात्र घरात कुणी फारसं हसलं नाही.

सोमनाथने पहिली खोली दाखवली ती धायरीत. गल्ली अशी चिंचोळी की टेम्पो आत शिरत नव्हता. पोरं मधोमध क्रिकेट खेळत होती. पण खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यापुढे हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. बरोबर आलेल्या धम्मदीपने दिवा लावला, मालवला, पुन्हा लावला. “भर दुपारी दिवा? ह्यो तर बोगदा हाय.” वनिता शाळेपर्यंत चालून आली. रस्त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण त्या भिंतीपुढे तिलाही श्वास पुरेना.

दुसरी खोली वारज्यात. मालकीणबाईंनी पाणी दिलं, पोरांची नावं विचारली. “सम्राट? छान. आणि आडनाव काय म्हणालात?” धम्मदीपने सांगितलं. मग बाईंना आठवलं की दिराचा मुलगा शिकायला येणार आहे.

जिना उतरताना सोमनाथ पुटपुटला, “फोनवर तर असं काय बोलली न्हवती बया.”

“फोनवर कुटं आडनाव इचारलं हुतं तिनं,” धम्मदीप म्हणाला. त्याला नवीन काही घडल्यासारखं वाटत नव्हतं.

तिसरी खोली कात्रजच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. वनिताने खिडकी उघडली, आणि रस्त्यापलीकडे डोंगर होता. हिर्डोशीच्या डोंगरांपुढे नुसता ढिगारा. उन्हाने करपलेला, माथ्यावर मोबाईलचा टॉवर. पण डोंगर होता. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

“हीच घ्या,” ती म्हणाली.

सोमनाथने कपाळाला हात लावला. “आन रस्ता?”

“बगू की. पोरास्नी म्होरं चालू द्या. मी मागनं येते.”

शाळा सात-आठ मिनिटांवर होती. दुकानांच्या कडेने फूटपाथ होता, मोडका, पण चालण्यासारखा. सम्राट पिंकीचा हात धरून पुढे, दहा पावलांवर वनिता, मागे दोघे पुरुष गप्पा मारत. एका जागी फूटपाथवर भाजीची हातगाडी आडवी होती, म्हणून पोरं खाली उतरली. मागून पाण्याचा टँकर आला आणि त्याने लांब, घसा फाडून हॉर्न दिला.

पोरं तिथेच थांबली असती तरी काही झालं नसतं. टँकर त्यांच्या बाजूने सरळ निघून गेला असता. पण सम्राटने मान वळवलीच नाही. त्याने पिंकीचं मनगट आवळलं आणि तिला ओढत टँकरच्या पुढून पलीकडे धाव घेतली.

टायर करकरले. टँकर तिरका होऊन थांबला. त्याच्या आड पोरं दिसेनात. त्याला वळसा घालायला वनिताला सहा-सात पावलं लागली, आणि त्या पावलांत ती खाली डांबराकडे बघत होती, चपला शोधत.

पोरं पलीकडे होती. डोंगराच्या बाजूच्या दगडी भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, ताठ.

चालक उतरून शिव्या देत होता. “मरायचंय का रे? घरी कुणी शिकवलं नाही का?”

शिकवलं होतं. हिर्डोशीवरून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. तिथलं पोर चालायला लागलं की त्याला सांगतात: गाडी वाजली की इचार करायचा न्हाई, मागं बगायचं न्हाई, डोंगराच्या अंगाला व्हायचं आणि पाठ टेकायची. रस्ता ओलांडावा लागला तरी. वनिता सातवीत असताना तिची मैत्रीण मंगल एका पावसाळ्यात, धुक्यातून जीप आली तेव्हा, दुसऱ्या अंगाला झाली. जीप गेली. धुकं होतं, आणि मंगल नव्हती. म्हणून आपल्या पोरांना वनिताने हे नुसतं सांगितलं नाही, अंगात भिनवलं. अंगणात, जेवताना, कधीही ती ‘गाडी!’ म्हणून ओरडायची, आणि उशीर झाला की पाठीत धपाटा. आता सम्राट झोपेतही चुकला नसता.

“आई, म्या बरोबर केलं न्हवं?” त्याने विचारलं. पिंकीचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं.

वनिताने हात उगारला. तो मारायचा होता की कुरवाळायचा, हे तिलाच कळलं नाही. तो तसाच खाली आला.

ते सगळे खोलीवर परतले. सोमनाथने पाण्याची बाटली आणली, ओट्यावर करारनाम्याचे कागद ठेवले. “आठ दिसांत सवय हुतीया, वहिनी. माज्या पोरीला झालीच की.”

“मी शिकवतो,” धम्मदीप म्हणाला. “रजा टाकतो दोन दिस. वनिता, तूच पसंत केलीस ना? आता न्हाई म्हणशील तर जायाचं कुटं? त्या बोगद्यात?”

वनिता सम्राटपुढे उकिडवी बसली होती. “हॉर्न वाजला तर काय करायचं?”

“हाय तितंच थांबायचं.”

“आन डोंगर?”

“डोंगराकडं बगायचं न्हाई.”

“आरं वा, शाणा!” सोमनाथ म्हणाला. “आठ दिस कशाला, आठ मिन्टंबी लागली न्हाईत.” धम्मदीपने पेनाचं टोपण काढलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दिला.

सम्राट जागचा हलला नाही. आईच्या डोळ्यांत बघत शहाण्यासारखा उभा राहिला. पण वनिता त्याच्या पायांकडे बघत होती. उजवी टाच उचलली गेली होती, पाऊल खिडकीकडे वळलं होतं, आणि पोराला त्याचा पत्ता नव्हता. पिंकी तर केव्हाच खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभी होती.

“सही कुटं करायची?” धम्मदीप विचारत होता.

वनिता उठली. तिने पिंकीला भिंतीपासून सोडवलं, सम्राटचं मनगट धरलं, आणि कागद तसेच ओट्यावर सोडून दोघांना घेऊन दाराबाहेर पडली.