खत घालून मारलेले दवबिंदू

'मांसाहारी फुलांची दरी' अशी त्या रिसॉर्टची जाहिरात. असल्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही, पण सुमनमावशीचा बसला. जन्मभर ग्वाल्हेरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं तिनं, पण किडे खाणारी दवबिंदू वनस्पती पाहिली ती फक्त बरणीत. आता डोळ्यांत काचबिंदू. "या साली नाही गेलो, तर पुढे चाचपूनच बघावं लागेल," ती म्हणाली. मग काय, निघालो.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातून सकाळीच गाडी काढली. शिवपुरीचा हमरस्ता उत्तम, पुढचा कच्चा फाटा मात्र हाडं खिळखिळी करतो. पोहे-जिलेबी वाटेतल्या ढाब्यावरच खाऊन घ्या. रिसॉर्टच्या जेवणाला भाव आहे, चव नाही.

'दरी' म्हणजे काय, तर कुंपण घातलेला ओलसर खडक. आत गुडघाभर गवत आणि फोटोसाठी प्लास्टिकचं अजस्र फूल. दवबिंदू एकही नाही.

मॅनेजर छाती फुगवून म्हणाला, "मैडम, पौधे बहुत छोटे थे. हमने यूरिया डलवाया है. अगले साल देखना!"

"यूरिया?" मावशीचा आवाज चिरकला. "अरे भैया, ये भूखी ज़मीन का पौधा है. मिट्टी में कुछ नहीं मिलता, तभी तो कीड़े खाता है. आपने घास को दावत दे दी, इसे मार डाला!"

"पर खाद से तो सब बढ़ता है, मैडम."

"हो, गाढवपणासुद्धा," मी मराठीत म्हटलं. त्याला कळलं नाही, हे माझं दुर्दैव.

मावशी कुंपणाला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "चल, परत जाऊ."

"थांब गं. खत पाण्याबरोबर खाली वाहतं. पाणी येतंय ते वरून. वर बघू."

माझा हात धरून ती चढली. वर झिरपत्या कातळावर बटणांएवढी लालभडक पानांची चक्रं पसरली होती, प्रत्येक केसावर चिकट थेंब. मावशी चिखलात पालथीच पडली, नाक पानांना टेकेल इतकी जवळ. एका पानात चिलट अडकलं होतं.

"जिवंत आहेत गं," ती पुटपुटली. गालांवरून पाणी वाहत होतं.

खालून मॅनेजर ओरडला, "कुछ मिला क्या, मैडम?"

"नहीं भैया," मावशी ठणकावून म्हणाली, "यहाँ कुछ नहीं है!"

घरी आल्यापासून सगळे जागा विचारतात. मी रिसॉर्टचा पत्ता देते. खुशाल जा, प्लास्टिकचं फूल बघून या. मावशीला आता वर्तमानपत्रही दिसत नाही. परवा जेवताना मध्येच थांबून म्हणाली, "लाल होती गं. किती लाल!"