हर्षाचा हुंबाट

माझी मुलगी हर्षा नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. 'हुंबाट' हा शब्द तिनंच काढलेला. पहिल्याच महिन्यात धुळीत वाघाचे ताजे ठसे सापडले, वाघ काही दिसला नाही. गाडीतले पाहुणे हिरमुसले, तेव्हा ही म्हणाली, "सर, आज हुंबाट झाला!" म्हणजे येऊन गेला, पण भेटला नाही.

शब्द गेटभर पसरला. चहा संपला की हुंबाट, नेटवर्क गेलं की हुंबाट. एका बाईंनी तर जिप्सी चालवणाऱ्या सुकरामला विचारलं, "हुंबाट कोणत्या झाडावर बसतो?" तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, तो लाजते. फोटो काढू देत नाही." घरी भातात खडा लागला की हर्षाचे बाबासुद्धा माझ्याकडे बघून "हुंबाट!" म्हणू लागले.

तिच्या नोकरीला मात्र त्यांनी एकाच अटीवर होकार दिला होता. जंगलात धोक्याचं काही घडलं, की नोकरी सोडून त्याच दिवशी घरी.

मागच्या मंगळवारी तिचा फोन आला. "आई, आज हुंबाट झाला," एवढंच म्हणाली. हसली नाही. मी लगेच सुकरामला फोन केला.

"घाबरू नका काकू. पिलंवाली अस्वल होती, गाडीच्या अंगावर धावली. हर्षानं समद्यांले चूप बसवलं, मले गाडी मागं घ्याले लावली. कोनाले खरचटलंबी नाही."

आता यांना सांगावं तर पोरीची नोकरी जाणार. न सांगावं, आणि उद्या खरंच काही झालं तर? मला एकटीला ते पेलवेना. मी सांगून टाकलं.

त्यांनी स्वतःच तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काऊन वं, मायले सांगते अन् माह्यापासून लपवते?"

"बाबा, तुम्ही नोकरी सोडाले लावाल म्हणून..."

"भेव वाटला का?"

"लय."



"मंग उद्या सुटी घे. घरी ये, दोन घास खाय, झोप."

"अन् परवा?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"परवा काय? ड्यूटी नाही का तुही?"